कुंपणाबाहेरचा माईक

अध्यक्षसाहेब, माझ्या बापाचा आवाज तुम्ही चोरलात. भर दुपारी, स्टँडखालच्या त्या पत्र्याच्या केबिनमध्ये, समितीची सगळी माणसं उभी असताना तुम्ही त्यांच्या हातातून माईक काढून घेतलात आणि रिकाम्या झालेल्या हातात भिंतीवरचं घड्याळ ठेवलंत. "आता आराम करा काका, वय झालं," म्हणालात. घड्याळाच्या तबकडीवर मैदान समितीचं नाव आहे, मोठ्या अक्षरात. आईने ते न्हाणीघरात टांगलंय. तिथल्या वाफेने काटे अडकतात, पण तिचं म्हणणं, नाव योग्य जागी लागलंय.

वयाचं कारण खोटं होतं. खरं कारण मैदानावरच्या प्रत्येकाला ठाऊक आहे, पण कोणी तोंड उघडत नाही म्हणून मीच लिहिते. गेल्या हंगामाच्या अंतिम सामन्यात तुमच्या भाच्याने जो गोल केला, तो हाताने केला. कोपऱ्यावरून चेंडू आला, त्याच्या डोक्यावरून जायला लागला, त्याने हात वर केला आणि चेंडू जाळ्यात. पंचांच्या नजरेसमोर नेमकी गोलरक्षकाची पाठ. त्यांनी शिट्टी मारली, गोल दिला. आणि बाबा माईकवर बोलले, "गोल दिलाय. पण तो हात होता. मी इथून स्वच्छ पाहिला."

एवढंच. त्यात शिवी नव्हती, टोमणा नव्हता. दिसेल ते बोलायचं, हे काम त्यांना तुमच्याच समितीने दिलं होतं, तुम्ही अध्यक्ष होण्याच्या कितीतरी आधी.

त्यांच्या जागी तुम्ही काय बसवलंत? रेकॉर्ड केलेली बाई. ती दर थोड्या वेळाने म्हणते, "कृपया शांतता राखा." फुटबॉलच्या मैदानावर.

तुम्हाला एक गोष्ट कधी कळलीच नाही. बाबांची कॉमेंट्री शोभेसाठी नव्हती. स्टँडचं नवं छप्पर तुम्ही बांधलंत आणि त्याला असे गलेलठ्ठ खांब दिलेत, की मागच्या बाकांवर बसणाऱ्याला अर्धं मैदान दिसत नाही. सगळ्यात स्वस्त तिकिटं त्याच बाकांची. तिथली माणसं कानांनी सामना बघतात. चेंडू खांबामागे गेला की बाबा त्यांना सांगायचे कुठे गेला, कोणाच्या पायात आहे, कोण पडलं आणि कोण पडल्याचं सोंग करतंय. तुम्ही माईक काढलात आणि ती सगळी माणसं आंधळी केलीत.

पण मी आज त्यांच्यासाठी भांडत नाहीये. मी घरचं सांगते.

बाबांचा धंदा सामान वाहायचा. कपाटं, पलंग, फ्रीज, कोणाचं घर बदलायचं असेल ते. त्यांची पांढरी पिकअप सगळ्या गल्ल्यांना माहीत. गाडी चालवताना बोलायचे, ओझं उचलताना बोलायचे, घरी आले की घराची कॉमेंट्री सुरू. "आईसाहेब स्वयंपाकघराच्या डाव्या बाजूने पुढे सरकतायत, हातात कढई, समोर कोणीच नाही, आणि अरेरे, झाकण निसटलं." दूध उतू जायला लागलं तरी आधी कॉमेंट्री, मग गॅस बंद. आई म्हणायची, "अहो, एक दिवस घर पेटेल आणि तुम्ही स्कोर सांगत बसाल."

घड्याळ घरी आलं त्या दिवसापासून हे बंद. बाबा आजारी नव्हते. जेवत होते, झोपत होते, विचारलं तर हो-नाही म्हणत होते. पण दूध त्यांच्या डोळ्यांसमोर उतू गेलं आणि त्यांनी उठून गुपचूप गॅस बंद केला. आई त्या दिवशी माझ्याकडे पाठ करून ओटा पुसत राहिली. मला म्हणाली, "हे असेच राहिले तर मी कोणाशी भांडू गं?"

आता आमच्याबद्दल. दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ, गाड्यांचं वायरिंग करतो. मी गाड्यांच्या सीटा शिवते. दुकानं शेजारी शेजारी, मध्ये एक पत्रा. त्या पत्र्यातून आम्ही दिवसभर भांडतो. गिऱ्हाइकांना वाटतं रेडिओ चालू आहे.

एका सकाळी पत्र्यापलीकडून आवाज आला.

"ऐकतेस का?"

"नाही."

"मैदानाच्या कुंपणाबाहेरचा रस्ता कोणाच्या मालकीचा?"

"सगळ्यांच्या. का?"

"म्हणजे समितीचा नाही."

मी मशीनचं चाक हाताने थांबवलं. सुई अर्ध्यात, रेक्झिनमध्ये रुतलेली. "दादा, तू काय म्हणतोयस ते सरळ बोल."

"बाबांची पिकअप. मागे हौद्यात दोन मोठे वूफर, वर दोन भोंगे, आत अ‍ॅम्प्लिफायर. कुंपणाला पाठ लावून गाडी उभी करायची. खांबवाली बाकं तिथून हाकेवर आहेत."

मी पत्र्याला वळसा घालून त्याच्या दुकानात गेले तेव्हा तो जमिनीवर उकिडवा बसून खडूने गाडी काढत होता. इतकी वाईट काढली होती की ती म्हैस वाटत होती. पण कल्पना डोक्यात अशी घुसली की मी शिवलेली सीट तशीच टाकून दिली. गिऱ्हाईक दुपारी येऊन ओरडून गेलं. ओरडू दे.

सामान दादाकडे पडलेलंच होतं. कोणा हौशी माणसाने गाडीत नवी सिस्टीम बसवून जुने वूफर त्याच्याकडे सोडून दिले होते, परातीएवढे. अ‍ॅम्प्लिफायर एका बंद पडलेल्या नाचाच्या हॉलमधला, पाठीवर कोणीतरी नेलपॉलिशने बदाम काढलेला. दादा तो पुसायला निघाला, मी म्हटलं राहू दे, शकुनाचा आहे.

वूफरची खोकी मी करायची ठरली, कारण दादाला लाकूड सरळ कापता येत नाही. हौद्यात चाकांवरचे दोन उंचवटे येतात, त्यांच्यामधली जागा मी कापडी टेपने मापली, प्लायवूडच्या फळ्या कापल्या, पुढचा भाग किंचित मागे कलता ठेवला म्हणजे आवाज वर बाकांकडे जाईल. सांधे डिंकाने भरले, वर स्क्रू. दादा सारखा डोकं घालायचा.

"फट राहिली का कुठे?"

"नाही राहिली."

"हवा सुटली की बास, तो खालचा जाड आवाज, गेला. फुग्यासारखं बंद पाहिजे."

"दादा, मी सीटच्या शिवणीतून पाणी जाऊ देत नाही. हवेचं मला शिकवू नकोस."

"पाण्यापेक्षा हवा बारीक असते."

"तुझ्या अकलेपेक्षाही?"

आतून मी फोम लावला, बाहेरून राखाडी कार्पेटचं कापड ओढून बसवलं. कोपऱ्यांवर कापड चुणी न पडता वळवणं ही मजा ज्याने केलीय त्यालाच कळते. कापड तळव्याने गरम करायचं, ओढायचं, दाबून धरायचं, श्वास रोखायचा. खोकी तयार झाली तेव्हा ती इतकी देखणी दिसत होती की मला गाडीचीच लाज वाटली. मग दारांच्या आतले पत्रे उघडून तिथे जाड नमदा चिकटवला, नंबरप्लेटमागे फोमची पट्टी, हौद्याच्या मागच्या फाळक्याच्या बिजागऱ्यांत रबर. आवाज सुटला की गाडीचा प्रत्येक सैल भाग आपलंही म्हणणं मांडतो. सगळ्यांची तोंडं बंद केली. बोलणारा एकच असणार होता.

दादाने बॅटरीपासून बोटाएवढी जाड लाल वायर घेतली. फ्यूज अगदी बॅटरीला खेटून. इंजिनामागच्या पत्र्याला भोक पाडलं, त्यात रबरी कडं बसवलं म्हणजे पत्र्याची धार वायर खाणार नाही. इंजिन बंद ठेवून तासन्‌तास बोलता यावं म्हणून सीटमागे आणखी एक बॅटरी. मी ती सीट वर उचलून धरली आणि तो खाली डोकं घालून गात होता. माझा भाऊ गातो तेव्हा कुत्री उठून जातात. त्या दिवशी मी त्याला एकदाही गप्प बस म्हटलं नाही.

बाबा रोज यायचे. माझ्या दुकानाबाहेर कुठल्याशा व्हॅनची काढलेली मागची सीट पडलेली असते, तिच्यावर बसायचे. आम्ही त्यांना सांगितलं होतं की गाडीला गाणी बसवतोय. ते काही खुळे नाहीत. हौद्यातले भोंगे त्यांना दिसत होते. दादाने ड्रायव्हरच्या शेजारी हुकला माईक अडकवला तेव्हा त्यांनी तो बघितला आणि मान फिरवून समोरच्या भिंतीकडे बघत बसले. त्या भिंतीवर काहीच नव्हतं.

मला वाटलं, झालं. एवढं सगळं करून हा माणूस माईकला हात लावणार नाही.

शेवटी राहिल्या स्पीकरच्या वायरी. दादाकडे उरलेल्या गुंडाळीत दोन्ही तारा काळ्या होत्या, पट्टी नाही, रंग नाही. प्लस कुठली, मायनस कुठली कळायला खूण हवी. दादा म्हणाला, "एका तारेला गाठ मार." मी म्हटलं बरं. डावीकडची वायर मी ओढली, उजवीकडची त्याने, कारण एकाच बाजूला काम केलं असतं तर पाना एकमेकांच्या डोक्यात घातला असता. वूफरच्या टोकाला आपापली वायर ज्याने त्याने जोडली. अ‍ॅम्प्लिफायरच्या टोकाला सगळ्या वायरी त्याने जोडल्या, गाठी बघून.

मग त्याने बटण दाबलं. छोटा निळा दिवा लागला. आई चहाचा ट्रे घेऊन आली होती, ती तशीच उभी राहिली. दादाने माईक हातात घेतला.

"हॅलो. हॅलो. एक, दोन, तीन."

भोंगे किंचाळले, तेवढंच. मागे वूफरचा पत्ताच नव्हता. आवाज म्हणजे रिकाम्या डब्यात बोलल्यासारखा, बारीक, जीव नसलेला. परातीएवढे दोन वूफर आणि त्यातून येतंय काय, तर पिपाणी.

"तुझं खोकं गळतंय," दादा म्हणाला.

"माझं खोकं? तुझा अ‍ॅम्प्लिफायर नाचून नाचून मेलाय."

"बरं, बघू." त्याने उजवा वूफर बंद केला आणि एकटा डावा चालू ठेवला. "हॅलो." छातीत धप्प झालं. दणदणीत, जाड आवाज. माझं खोकं.

"आता बोल," मी म्हटलं.

त्याने डावा बंद करून उजवा लावला. "हॅलो." तोही तसाच दणदणीत. त्याचं वायरिंग.

दोन्ही लावले. पिपाणी.

मग आमच्यात जे सुरू झालं ते लहानपणापासूनचं होतं. मी त्याला आठवण करून दिली की आमच्या घराची बेल त्याने बसवल्यापासून संडासातला दिवा लागल्याशिवाय वाजत नाही. त्याने मला विचारलं की त्याच्या लग्नातला कोट कोणी शिवला होता आणि जेवायला बसताना तो कुठे फाटला. मी म्हटलं कोट नाही फाटला, तू फुगलास. आई म्हणाली, "चहा निवतोय." कोणी ऐकलं नाही.

बाबा उठले. फाळक्यासमोर, दोन्ही खोक्यांच्या बरोबर मध्ये येऊन उभे राहिले, मान एका बाजूला कलती केली.

"पोकळ आहे," म्हणाले.

हो-नाहीपेक्षा एक शब्द जास्त बोलले होते. आईचं लक्ष गेलं, माझंही. दादाचं नाही गेलं, तो कोटावरच होता. "मी फुगलो? आणि तुझ्या मापात चूक नव्हती? सांग ना."

"माझ्या मापात चूक काढतोस? ज्याला फळी सरळ कापता येत नाही तो?"

ठक ठक.

माईकवर बोटाने दोनदा. बोलायच्या आधी बाबा नेहमी असं करायचे, आयुष्यभर. आम्ही दोघं थिजलो. गाडीचं दार उघडं होतं, माईकची वायर ताणून ते बाहेर उभे होते, आणि त्यांचा चेहरा अगदी गंभीर.

"बहीण उजवीकडून चढाई करतेय. हातात पाना. भाऊ मागे सरकतोय, त्याच्याकडे बचावाला फक्त चिकटपट्टी. प्रेक्षकांत त्यांच्या मातोश्री, हातात चहा, पंचगिरी करायला स्पष्ट नकार. आणि आवाज, मंडळी, आवाज असा येतोय की मी विहिरीतून बोलतोय."

आईने ट्रे जमिनीवर ठेवला. ठेवला म्हणण्यापेक्षा सोडला. कप कसे वाचले देव जाणे. ती चालत गाडीकडे गेली आणि दोन्ही खोक्यांवर हात ठेवून उभी राहिली, आधाराला. तिचे तळवे थेट वूफरच्या पडद्यांवर पडले.

"थांबा हो," ती म्हणाली. "पुन्हा ते ठकठक करा."

बाबांनी केलं. ठक ठक.

"अजून एकदा." ठक ठक. आईने कपाळाला आठ्या घातल्या. "हा माझा हात ढकलतो तेव्हा तो दुसरा आत जातो. दोघांचं तोंड दोन दिशांना. तुमच्या पोरांसारखंच की."

दादाचा चेहरा असा झाला की जणू कोणी पाठीवर थंड पाणी ओतलं. तो सावकाश माझ्याकडे वळला.

"तू गाठ कुठल्या तारेला मारलीस?"

"प्लसच्या."

"का?"

"का म्हणजे? गाठ मारून सुरुवात करतात. दोरा ओवला, गाठ मारली, मग शिवण. गाठ म्हणजे पहिलं टोक."

"अगं बाई, गाठ मायनसला मारतात. गाठ मारली की विषय संपला, ते टोक गाडीच्या पत्र्याला. सगळे वायरमन तसंच करतात."

"मी वायरमन आहे का?"

"पण विचारायचं तरी."

"तू सांगायचं तरी. तू फक्त म्हणालास गाठ मार."

ठक ठक. "गुन्हेगार सापडलाय," बाबा म्हणाले. "गाठ. दोन्ही खेळाडूंना ताकीद देऊन सोडण्यात येत आहे. सामना पुढे चालू."

डाव्या खोक्यामागच्या दोन तारांची अदलाबदल करायला चहा प्यायला लागतो त्याहून कमी वेळ लागला. दादा बाजूला झाला. बाबा पुन्हा मधोमध उभे राहिले. त्यांनी ठक ठक केलं आणि त्या दोन टकटकींनीच माझ्या दुकानाचं शटर थरथरलं. मग ते बोलले, आणि काय बोलले ते मला आठवत नाही. बहुतेक चहाबद्दल काहीतरी होतं. मला फक्त एवढं आठवतं की तो आवाज बरगड्यांत आला. गल्लीच्या टोकाला सायकलच्या दुकानातला माणूस बाहेर येऊन बघायला लागला. वरच्या खिडकीतून एक म्हातारी ओरडली, "काका, परत आलात का?" आणि बाबा माईकमधूनच म्हणाले, "परत यायला गेलो कुठे होतो?" दादा टायरवर बसला आणि दोन्ही हातांनी डोकं धरून हसत राहिला. मी त्याच्या पाठीत गुद्दा घातला. त्याला लागला असावा, पण तो हसतच होता.

घरी जाताना गाडीत बाबा सिग्नलवर उभ्या असलेल्या लोकांची कॉमेंट्री करत होते. माईक बंद होता. आई खिडकीबाहेर बघत म्हणाली, "झालं सुरू." असं म्हणाली जणू तक्रार आहे.

आता सामन्याचा दिवस. तो तुम्हाला आठवतो, पण तुम्ही कुंपणाच्या आतून पाहिलात, मी बाहेरून सांगते.

नव्या हंगामाचा पहिला सामना, पाहुणा संघ तगडा. आम्ही गाडी उलटी घेत घेत कुंपणाच्या जाळीला पाठ टेकवली. रस्त्याच्या कडेला, नियमात, कोणाची वाट न अडवता. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. फाळका उघडून त्यावर बसले, पाय खाली सोडून. हातात माईक. दुकानासमोर बोलणं वेगळं, इथे बोलणं वेगळं. समोर तेच मैदान, तीच केबिन, ज्यातून तुम्ही त्यांना बाहेर काढलंत. खेळ सुरू झाला, चेंडू इकडून तिकडे गेला, बाबा गप्प. दादाने माझ्याकडे बघितलं. मी आईकडे. आई बाबांकडे बघतही नव्हती. ती खांबामागच्या बाकांकडे बघत होती, जिथे माणसं माना वेळावून, उठून, पुन्हा बसून काहीतरी दिसतंय का ते शोधत होती.

"अहो," आई म्हणाली, "चेंडू कुठे गेला?"

"डाव्या कोपऱ्यात," बाबा म्हणाले.

"मला नका सांगू. त्यांना सांगा."

ठक ठक.

मागच्या बाकांवरची सगळी डोकी एकदम वळली. मी खोटं सांगत नाही, सगळी. खेळ पुढे चालला होता आणि ती माणसं मैदानाकडे पाठ करून एका जुन्या पिकअपकडे बघत होती.

"नमस्कार मंडळी. खांबामागच्यांना विशेष नमस्कार. चेंडू डाव्या कोपऱ्यात आहे, पाहुण्यांच्या ताब्यात. घाबरू नका, त्यांनाही पुढे काय करायचं ते सुचलेलं नाही."

जो आरडाओरडा उठला त्यात तुमची बाई म्हणाली, "कृपया शांतता राखा." बाबा म्हणाले, "बाईंचं म्हणणं बरोबर आहे. पण चेंडू ऐकत नाही." त्यानंतर तुमच्या बाईला कोणी ऐकलंच नाही. लोक हसत होते, बाकं आपटत होते. बाबा बोलत होते. मी फाळक्याला हात लावून उभी होते आणि पत्र्यातून त्यांचा आवाज माझ्या तळव्यात येत होता. माझ्या खोक्यांतून. त्याच्या वायरींतून. मला ओरडावंसं वाटत होतं, पण ओरडले असते तर त्यांचं एखादं वाक्य बुडालं असतं.

मग तुमचा वॉचमन आला. जाळीपलीकडून म्हणाला, "ताई, गाडी हलवा असं सांगायला सांगितलंय."

"रस्ता समितीचा आहे का?"

"नाही. मला सांगायला सांगितलं, मी सांगितलं." तो तिथेच जाळीला टेकला. "काका, तो जांभळ्या शर्टवाला कोण हो? बरा खेळतो."

आणि मग तो गोल. तुमच्या भाच्याचा. तोच कोपरा, तसाच उंच चेंडू. अख्खं मैदान श्वास धरून. तो उडाला, दोन्ही हात अंगाला चिकटवून, आणि कपाळाने असा हाणला की गोलची जाळी फुगली. लोक आधी मैदानाकडे नाही, आमच्या गाडीकडे वळले. काका काय म्हणतात.

बाबा फाळक्यावर उभे राहिले होते. "डोकं," ते म्हणाले. "स्वच्छ डोकं. मंडळी, इतका देखणा गोल मी या मैदानावर फार वेळा पाहिलेला नाही. टाळ्या वाजवा त्या पोरासाठी. मनापासून वाजवा."

वाजल्या. तुमचा भाचा सवंगड्यांच्या मिठीतून सुटून कुंपणापर्यंत पळत आला. धापा टाकत होता. बाबांकडे बघून त्याने कपाळाला बोट लावलं, मग उजवा हात वर धरून त्या हाताकडे बघितलं आणि मान खाली घातली. बाबांनी मान हलवली. तो परत पळाला. जे व्हायचं होतं ते त्या दोघांत झालं. त्या पोराशी माझं काही भांडण उरलेलं नाही.

तुमच्याशी आहे. कारण मग तुम्ही आलात. केबिनमधून बाहेर पडून, अख्ख्या मैदानाच्या डोळ्यांदेखत, कोट घालून. जाळीजवळ येऊन म्हणालात, "काका, हे काय चाललंय?"

बाबा शांत होते. फाळक्यावरून उतरले, जाळीला जिथे वॉचमनने डबा घ्यायला भोक ठेवलंय तिथून माईक आत सरकवला, तुमच्या हातात दिला. जो माईक तुम्ही काढून घेतला होतात, त्याचा धाकटा भाऊ. म्हणाले, "साहेब, मला एकच विचारायचंय. गेल्या हंगामातला तो गोल. मी चुकीचं बोललो होतो का? तुम्ही सांगा. चुकलो असेन तर आत्ता, इथेच, सगळ्यांसमोर माफी मागतो आणि गाडी घरी नेतो."

हे ते त्यांच्या साध्या आवाजात बोलले, पण मागच्या बाकांनी ओठांवरून वाचलं असावं, कारण सगळीकडे शांत झालं. तुमची बाई जे सामना सुरू झाल्यापासून मागत होती ते तिला शेवटी मिळालं.

तुम्ही माईक तोंडाजवळ नेलात. आणि दोन वूफर, दोन भोंगे, सगळी बाकं, सगळे खांब, सगळ्यांनी तुमचा आवाज ऐकला:

"हे चालू आहे का?"

दादा म्हणाला, "हो साहेब, चालू आहे."

तुम्ही माईक बघितलात, बाकं बघितलीत, भाच्याकडे बघितलंत. मग माईक जाळीच्या भोकात ठेवून परत गेलात. तुमच्या बुटांचा आवाजसुद्धा आला, इतकं चांगलं वायरिंग झालंय. बाबांनी माईक उचलला, पुसला, ठक ठक केलं आणि म्हणाले, "खेळ पुढे चालू. चेंडू मध्यावर."

ते बोलले शेवटच्या शिट्टीपर्यंत, घरी जाताना, जेवताना. दूध उतू गेलं. आईने गॅस बंद केला आणि दोन शिव्या घातल्या.

तेव्हापासून दर सामन्याला गाडी तिथे उभी असते आणि उभी राहील. तुम्ही जाळीला हिरवं कापड लावलंत, ते लावा. आवाज कापडातून जातो. पण हे मी गाडीसाठी लिहिलेलं नाही आणि केबिनमधली ती खुर्चीही आम्हाला परत नको. बाबांनी तुम्हाला सगळ्या मैदानासमोर एक प्रश्न विचारला होता. त्याचं उत्तर तुम्ही जाळीच्या भोकात ठेवून गेलात.

तो हात होता की नव्हता? हो किंवा नाही, एका शब्दात सांगा. माईक अजून चालू आहे.